'सगळा गेमच आहे' म्हणणाऱ्यांस

अलीकडे आपल्या सुशिक्षित समाजात एक वाक्य असे काही रूढ झाले आहे की, ते एकदा उच्चारले म्हणजे पुढे विचार करण्याची जबाबदारीच उरत नाही. निवडून आलेला प्रतिनिधी महिनाभरात पक्ष बदलून मोकळा होतो, शेअर बाजारात कोणाची जन्माची पुंजी एका दुपारी बुडते, कारखानदार कामगारांची देणी थकवून दुसऱ्या नावाने दुसरा कारखाना थाटतो, आणि या सर्वांवर आमचे बहुश्रुत स्नेही, हातातला चहाचा पेलाही खाली न ठेवता, किंचित हसून निकाल देतात : "अहो, शेवटी सगळा गेमच आहे!" या उद्गारात जी निर्लेपता आणि जगाचे अंतरंग ओळखल्याची जी ऐट भरलेली असते, तिच्यापुढे फसलेल्याची बाजू घेणारा, रागावणारा, दाद मागणारा मनुष्य आपोआप भोळसट ठरतो. इंग्रजी भाषेतील एक चार अक्षरांचा, बालवाडीतील पोरालाही ठाऊक असलेला शब्द इतका मोठा अधिकार गाजवू लागला असेल, तर त्याची सनद एकदा तपासून पाहणे इष्ट होय.

प्रथम या पक्षाचे म्हणणे, त्याच्या कैवाऱ्यांनाही तक्रारीस जागा राहू नये अशा रीतीने, मांडून घेऊ. ते म्हणतात, मुलांच्या लपाछपीला, टेनिसमधील एका डावाला, रानातील सावजाला, मुत्सद्द्याच्या कारस्थानाला आणि द्यूतगृहाच्या धंद्याला इंग्रजांसारख्या व्यवहारचतुर लोकांनी एकच नाव दिले, ते उगीच दिले नाही. या सर्वांत एक समान तत्त्व आहे म्हणून दिले. दुसरे असे की, या सर्वांना नियम असतात, प्रतिस्पर्धी असतात, हारजीत असते. मग फरक उरला तो केवळ प्रमाणाचा. तिसरे असे की, विसाव्या शतकातील थोर तत्त्ववेत्ते आणि गणिती यांनीही भाषा, अर्थकारण, युद्ध यांस 'गेम' म्हटले आहे. त्यांच्यापुढे आपण कोण? आणि अखेरचे व सर्वांत गोंडस असे की, हे सारे खोटे धरले तरी जीवनाकडे खेळ म्हणून पाहिल्याने दुःख हलके होते, पराभव पचतो, मनुष्याच्या अंगी खिलाडूवृत्ती बाणते. चार मुद्दे, चारही ऐकण्यास मधुर, आणि माझ्या मते चारही निखालस पोकळ.

पहिल्यापासून आरंभ करू. या शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीतील 'गामेन' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ आनंद, मौज, हास्यविनोद असा होता. पुढे सरदार-जमीनदारांस जी मौज सर्वाधिक प्रिय, त्या शिकारीला हे नाव लागले. शिकारीचे नाव शिकार होणाऱ्या पशुपक्ष्यांवर आले, आणि तेथून ताटात वाढलेल्या त्यांच्या मांसावर. जुगार खेळणे या अर्थाचा 'गॅम्बल' हा शब्दही बहुधा याच कुळातला. कोणाची लबाडी उघडकीस आली म्हणजे तिलाही 'गेम' म्हणतात, इंग्रजी बोलीत वेश्याव्यवसायालाही हाच शब्द चालतो, आणि अधू, लंगड्या पायाला लावायचे विशेषणही 'गेम' हेच आहे. नावाच्या साम्यावरून तत्त्वाचे साम्य काढावयाचे, तर लंगडणे हाही क्रीडेचाच एक प्रकार मानण्यावाचून आमच्या स्नेह्यांस गत्यंतर नाही. आपला 'खेळ' हा शब्द तरी काय कमी फिरस्ता आहे? तमाशाच्या कनातीत रात्री खेळ होतो, चित्रपटगृहात तीनचा आणि सहाचा खेळ लागतो, दैवाचे खेळ असतात, मनाचे खेळ असतात, कारभाराचा तर खेळखंडोबाच असतो. परंतु तीनच्या खेळाचे तिकीट काढणाऱ्या गृहस्थाने आपण आखाड्यात उतरतो आहोत अशा समजुतीने लंगोट कसल्याचे अद्याप ऐकिवात नाही. एका वाड्यात दहा बिऱ्हाडे राहतात म्हणून दहांची चूल एक होत नाही. शब्द एका अर्थाकडून दुसऱ्याकडे जातो तो कधी साम्याने, कधी शेजाराने, कधी थट्टेने, आणि कधी, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कोणाच्या तरी सोयीने.

येथे आमचे स्नेही विटगेन्स्टाइनचे नाव पुढे करतात, कारण त्या नावाने समोरचा मनुष्य बहुधा गप्प बसतो. त्या तत्त्ववेत्त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' या ग्रंथात या शब्दाची चर्चा आहे, हे खरे. पण ती काय आहे? पटावरचे खेळ, पत्ते, चेंडूचे खेळ, ऑलिंपिकमधील सामने असे प्रकार एकापुढे एक मांडून तो विचारतो की, या सर्वांत समान असे काय आहे? आणि बजावतो की, नाव एक आहे त्या अर्थी काही तरी समान असलेच पाहिजे असे घरबसल्या ठरवू नका, प्रत्यक्ष पाहा. पाहिल्यावर त्याला आढळते ते असे की, याचे त्याच्याशी साम्य, त्याचे तिसऱ्याशी साम्य, पण सर्वांतून ओवलेला एकही धागा नाही. एका घराण्यातील माणसांत कोणाचे नाक मिळते, कोणाची चाल मिळते, तसले हे साम्य. म्हणजे 'नाव एक, म्हणून तत्त्व एक' या ज्या समजुतीचा त्याने मुळावर घाव घातला, तिच्याच समर्थनार्थ आमचे स्नेही त्याला साक्षीस बोलावतात! शिवाय त्याने लिहिले ते जर्मन भाषेत, आणि त्याचा शब्द होता 'श्पील'. जर्मन भाषेत रंगभूमीवरील प्रयोगालाही तो चालतो आणि रानातल्या तितराला चालत नाही. ज्याची साक्ष काढावयाची त्याची जबानी तरी एकदा वाचावी, एवढी अपेक्षा वकिली पेशात नसलेल्या माणसाकडूनही करावयास हरकत नाही.

आता नियमांचा मुद्दा. हा सर्वांत भारदस्त म्हणून त्याला थोडा अधिक वेळ देणे प्राप्त आहे. आणि त्याची परीक्षा जेथे 'गेम' या शब्दाला खुद्द पार्लमेंटने कायद्याच्या चौकटीत बसविले, त्या इंग्लंडच्या शिकारी कायद्यांतच घेणे न्याय्य होईल. दुसऱ्या चार्ल्सच्या अमदानीत, १६७१ साली, असा कायदा झाला की, ज्याच्या मालकीच्या जमिनीचे उत्पन्न सालिना शंभर पौंड आहे अशा, किंवा तशाच वरच्या दर्जाच्या, गृहस्थासच 'गेम' मारता येईल. त्या काळी परगण्याचा प्रतिनिधी निवडण्यास चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड उत्पन्नाची जमीन पुरत असे. तेव्हा पार्लमेंटात कोण बसावे हे ठरविण्यास जेवढी मालमत्ता लागते तिच्या पन्नासपट मालमत्ता एक तितर मारण्यास लागते, असा बोचरा हिशेब ब्लॅकस्टोनसारख्या सनातनी कायदेपंडितानेही मांडून ठेवला आहे. पुढे १८३१ च्या कायद्याने ही अट उठली, पण त्या कायद्याचा मसुदा डोळ्यांखालून घालणे बोधप्रद आहे. त्यात 'गेम' म्हणजे काय याची यादी आहे : रानससे, फेझंट, तितर, ग्राऊस आणि त्यांचे काही भाईबंद. हरीण त्या यादीत नाही. म्हणजे कोणता प्राणी 'गेम' आहे हे त्याच्या जातीवर वा स्वभावावर ठरत नाही, सरकारी दस्तऐवजावर ठरते. तितराला १ फेब्रुवारीपासून १ सप्टेंबरपर्यंत अभय. फेझंटला आणखी एक महिना, १ ऑक्टोबरपर्यंत. आणि रविवारी व नाताळच्या दिवशी कोणत्याही 'गेम'ला मारणे हा गुन्हा. नियमच पाहिजेत ना? हे घ्या नियम. तारीखवार, वारवार, नावनिशीवार. इतके चोख नियम आमच्या आट्यापाट्यांनाही नाहीत.

परंतु हे नियम कोणी कोणाशी केले? तितराला विचारून १ सप्टेंबर ठरली काय? आणि तितराचे राहू द्या, ते अज्ञान पाखरू. ज्या शेतमजुराच्या वाटेत ते पाखरू येत असे, ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत होती, त्याला तरी या खेळात कोणी भिडू म्हणून घेतले होते? त्याच्यासाठी निराळे कलम होते. १८२८ च्या कायद्याने रात्री चोरून अशी शिकार करणाऱ्यास पहिल्या खेपेस तीन महिने सक्तमजुरी, दुसऱ्या खेपेस सहा महिने आणि तिसऱ्या खेपेस सात वर्षे समुद्रपार हद्दपारीपर्यंत शिक्षा ठेवलेली होती. जमीनदार बंदूक घेऊन जाई तेव्हा तो 'गेम' खेळे. मजूर फासा लावी तेव्हा तो गुन्हेगार ठरे. पाखरू तेच, रान तेच, मरणही तेच. नियम असणे हे जर खेळाचे लक्षण असेल, तर फाशी देण्यालाही नियम आहेत. कैद्याच्या वजनावरून दोराची लांबी काढण्याचे कोष्टकही आहे. तेव्हा त्या विधीस आपण कोणत्या क्रीडाप्रकारात घालणार? बेडकांच्या डबक्यात दगड मारणाऱ्या पोरांना बेडकांनी जे उत्तर दिले असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, की तुमचा खेळ होतो पण आमचा जीव जातो, त्यात या सबंध वादाचा निवाडा आहे. पोरांच्या दगड मारण्यालाही पाळीपाळीचे नियम असतीलच. बेडकांची हरकत नियमांच्या अभावाला नव्हती.

यावर खिलाडूवृत्तीचे भक्त पुढे सरसावतात. मनुष्याने पराभव हसत झेलावा, कुरकुर करू नये, मैदान सोडू नये. इंग्रजीत अशा धीराच्या माणसालाही 'गेम' म्हणतात, हे केवढे उदात्त! उदात्त खरेच, पण हा अर्थ कोठून उगवला? कोंबड्यांच्या झुंजीतून. जो कोंबडा रक्तबंबाळ झाला तरी रिंगणातून पळत नाही, तो 'गेम'. आणि तो पळत नाही याचे कौतुक करणारे लोक रिंगणाबाहेर पैजा लावून बसलेले. १८३५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने असल्या झुंजींच्या अड्ड्यांवर बंदी घातली, पण कोंबड्याच्या माथी मारलेला हा सद्गुण मात्र माणसांसाठी राखून ठेवला. दुसऱ्याच्या सहनशक्तीचे गोडवे गाणारा मनुष्य बहुधा रिंगणाच्या कोणत्या बाजूस उभा असतो, हे आमच्या स्नेह्यांनी कधी तपासले आहे काय?

तपासावयाचे तर पहिल्या महायुद्धातील एक दिवस घ्या. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर ईस्ट सरे पलटणीच्या आठव्या बटालियनमधील कॅप्टन नेव्हिल याने आपल्या तुकडीतील शिपायांना फुटबॉल दिले आणि ते लाथेने पुढे ढकलीत शत्रूच्या खंदकांवर चालून जाण्यास सांगितले. भेदरलेल्या पोरांचे मन क्षणभर ओळखीच्या गोष्टीत गुंतावे हा त्याचा हेतू. आणि तो स्वतः त्यांच्याबरोबर चालत गेला व तारांच्या कुंपणापाशी ठार झाला, म्हणून त्याच्याविषयी एकही वावगा शब्द मी लिहिणार नाही. पण त्यानंतर मायदेशी त्या फुटबॉलचे जे पोवाडे गाइले गेले त्यांचे काय? त्या एका दिवशी ब्रिटिशांचे सुमारे ५७,००० सैनिक घायाळ, बेपत्ता वा ठार झाले. त्यांपैकी १९,००० हून अधिक मृत. फुटबॉलच्या सामन्यात शिटी वाजल्यावर बावीसच्या बावीस जण उठून घरी जातात, ही साधी गोष्ट पोवाडे गाणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही. कारण ती ध्यानात येऊ नये यासाठीच तर 'गेम' हा शब्द पुढे केलेला असतो.

आणि 'ग्रेट गेम'? एकोणिसाव्या शतकात मध्य आशियावरील वर्चस्वासाठी इंग्रज आणि रशियन यांच्यात जी चढाओढ चालली तिला इतिहासकार आजही हेच नाव देतात. ते प्रथम वापरणाऱ्यांपैकी आर्थर कोनोली हा कंपनी सरकारचा अधिकारी. १८४० च्या सुमारास त्याने ते एका पत्रात, मोठ्या सद्भावनेने, लिहिले, आणि १८४२ साली बुखाऱ्याच्या अमीराने त्याचा शिरच्छेद केला. पुढे १९०१ साली, मुंबईत जन्मलेल्या किप्लिंगने 'किम' कादंबरीतून ते नाव जगभर केले. या महान खेळाचा एक डाव जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून जलालाबादेकडे जाणाऱ्या बर्फाच्छादित खिंडींत संपला. सुमारे साडेचार हजार सैनिक, त्यांत बहुसंख्य हिंदी शिपाई, आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे, म्हणजे भिस्ती, पखालजी, खानसामे, मोतद्दार, त्यांच्या बायका आणि मुले, एवढा जमाव ६ जानेवारीस निघाला. १३ जानेवारीस जलालाबादच्या वेशीत डॉक्टर ब्रायडन नावाचा एक जखमी गोरा पोचला. काही थोडे कैदेत वाचले, काही शिपाई मागाहून लंगडत आले. बाकीचे खिंडीत राहिले. त्या पखालजीला पटावर कोणती सोंगटी म्हणून मांडले होते?

या प्रश्नाचे उत्तर पाहावयाचे असेल तर काबूलपर्यंत जाण्याचे कारण नाही. मुंबईत कुलाब्याला जावे. तेथे सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेले आणि १८५८ साली प्रतिष्ठापित झालेले चर्च आहे. मुंबईकर त्याला अफगाण चर्च म्हणतात. त्यातील शिलालेखात मृत अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. शिपायांविषयी मात्र एवढेच म्हटले आहे की, त्यांची संख्या फार, म्हणून नावे नोंदविणे शक्य झाले नाही. मोहिमेला खेळ म्हणण्याची सवय झाली, म्हणजे प्याद्यांची नावे लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटणार?

राहिले गणिती. त्यांच्यावर माझा रोष नाही, कारण ते आपल्या शब्दाची हद्द स्वतः आखून देतात. फॉन नॉयमान आणि मॉर्गनस्टर्न यांचा 'थिअरी ऑफ गेम्स अँड इकॉनॉमिक बिहेव्हिअर' हा ग्रंथ १९४४ साली निघाला, त्यात भिडू, त्यांच्यापुढील पर्याय आणि प्रत्येकाच्या पदरात पडणारे फळ एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या की त्या मांडणीस 'गेम' म्हणावे असा संकेत आहे. १९५० साली टकरने ज्या कोड्याला दोन कैद्यांच्या गोष्टीचे रूप दिले, त्यात ते कैदी मौजेखातर कोठडीत बसले आहेत असे त्याने कोठेही सुचविलेले नाही. गणितीने समीकरणापुरता उसना घेतलेला शब्द वर्तमानपत्रातला पंडित परत करण्याऐवजी बाजारात विकतो, हा गणितीचा गुन्हा नव्हे. या बाबतीत जुन्या प्रशियन सेनापतीचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून, फासे टाकून लढाई मांडण्याचा 'युद्धाचा खेळ' जनरल मुफलिंगला दाखविला. जनरल आरंभी नाखूश होता. पण ठोकळे हलू लागले तसा त्याचा नूर पालटला, आणि हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे असे उद्गार त्याने काढल्याचे नमूद आहे. ज्याला लढाई माहीत होती त्याने ठोकळ्यांनाही खेळ म्हणण्याचे नाकारले; ज्यांना ती माहीत नाही ते माणसांनाही ठोकळे म्हणण्यास तयार!

परंतु या शब्दाचा आज सर्वांत उघड आणि सर्वांत फायदेशीर दुरुपयोग होतो तो जुगाराच्या दुकानात. जुगाराला 'गेमिंग' म्हणण्याची क्लृप्ती इंग्रजांचीच, आणि ती थेट त्यांच्या कायद्यांच्या मथळ्यांत आहे. आपण ती इतर सामानाबरोबर इमानाने सांभाळून ठेवली. गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे नांगरून पडली आहेत. त्यांना आधार देणारे कलम १९७६ च्या जुगारबंदी कायद्यातच मागाहून जोडलेले आहे, आणि त्यात हॉटेलांतील पैसे गिळणाऱ्या यंत्रांना इलेक्ट्रॉनिक करमणुकीच्या खेळांत बसविले आहे. बंदीच्या कायद्यातच परवानगीची खिडकी, आणि खिडकीवर पाटी करमणुकीची! भ्रमणध्वनीवरील पत्त्यांच्या आणि क्रिकेटच्या पैजांचे धंदे तर कित्येक वर्षे न्यायालयाचाच हवाला देत होते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग प्रधान आहे असे म्हटले, हे खरे. पण त्याच निकालात, त्या निमित्ताने कोणी नफा कमावीत असेल तर गोष्ट निराळी होईल, असेही बजावलेले आहे. जाहिरातदारांनी अर्धा निकाल पाठ केला आणि उरलेला अर्धा जाहिरातीच्या तळाशी, सूक्ष्मदर्शकाने वाचण्याच्या टंकात, धोक्याची सूचना म्हणून टाकला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसा लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन प्रकारांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली, तेव्हा पहिली आरोळी उठली ती अशी की, 'गेमिंग उद्योगा'वर कुऱ्हाड कोसळली. जुगाराचा अड्डा बंद झाला, असे कोणी म्हणाले काय? एका शब्दाने केवढी अब्रू वाचविली पाहा.

१९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात, बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा धंदा हा व्यापारस्वातंत्र्यात मोडतो की नाही, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी निकालात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारतापर्यंतचे दाखले काढून जुगाराला व्यापाराच्या पंक्तीतून उठविले. महाभारताचा दाखला योग्यच. पण आमच्या वादाला त्यातील धर्मराजापेक्षा द्रौपदी अधिक उपयोगी आहे. सभापर्वातील द्यूताला मित्रत्वाचा खेळ म्हणूनच निमंत्रण गेले होते. त्यात फासे होते, पण होते, नियम होते, पंच म्हणावे तर सबंध सभा होती. अशा निर्दोष नियमबद्ध खेळात द्रौपदीने एकच कायदेशीर मुद्दा उपस्थित केला : जो आधी स्वतःलाच हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला? भीष्मासारख्या धर्मज्ञालाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. या प्रश्नापुढे 'नियम आहेत, म्हणून खेळ आहे' हे प्रतिपादन कोलमडून पडते. कारण खेळाचा पहिला नियम हा की, ज्याला पटावर यायचे त्याने आपल्या पायांनी यावे.

मुंबईच्या टोळीवाल्यांचे या बाबतीत कौतुक करावेसे वाटते. त्यांनी हा शब्द उचलला, आणि 'त्याचा गेम केला', 'गेम वाजवला' असे म्हटले म्हणजे मनुष्य ठार मारला, असा सरळ अर्थ त्याला दिला. इंग्रज जमीनदाराच्या बंदुकीपासून निघालेला अर्थ अशा रीतीने गल्लीबोळांतून फिरून पुन्हा मुक्कामी आला. फरक एवढाच की, टोळीवाला आपल्या शब्दावर तत्त्वज्ञानाचा मुलामा चढवीत नाही, आणि कोणाचा 'गेम' झाला हे त्याचे वाक्य लपवीत नाही. 'त्याचा' हे सर्वनाम आमच्या सुशिक्षित स्नेह्यांनी वाक्यातून काढून टाकले आहे. म्हणून तर ते इतक्या शांतपणे चहा पिऊ शकतात.

आता शेवटचा आरोप माझ्यावर येईल तो असा की, हा मनुष्य अरसिक आहे, खेळाचा द्वेष्टा आहे. हाउझिंगाने १९३८ साली 'होमो लुडेन्स' लिहून क्रीडा ही संस्कृतीची जननी ठरविली, हे याच्या गावी नाही. उलट आहे. हाउझिंगाने खेळाचे जे पहिले लक्षण सांगितले ते स्वातंत्र्य. आज्ञेने करावयाचा खेळ हा खेळच नव्हे, असे त्याचे मत. खेळाला आपला निराळा काळ आणि निराळे स्थळ असते, हे त्याचे तिसरे लक्षण. म्हणजे आखलेल्या रेषेबाहेर त्याचा अंमल नाही. ही दोन लक्षणे धरली, तर खेळाचे खरे शत्रू कोण? सुरपारंबीला, विटीदांडूला, बुद्धिबळाला जी प्रतिष्ठा आहे, ती त्यांच्यातील हार ही हार असूनही हानी नसते या कराराची आहे. ज्यांनी कारस्थानाला, कत्तलीला आणि कर्जबाजारीपणाला खेळाचे नाव देऊन त्या नावाची पत खाल्ली, तेच खेळाचे मारेकरी होत. मी बाजू घेतो ती खेळाची, त्याच्या तोतयांविरुद्ध.

म्हणून पुन्हा एकदा, निःसंदिग्ध शब्दांत सांगतो. एखाद्या शब्दाला दहा अर्थ असणे हा भाषेचा दोष नाही, भूषणही नाही. तो तिचा इतिहास आहे, आणि इतिहास म्हटला की कोणी लिहिला हे विचारावेच लागते. 'गेम' या नावाचा इतिहास सांगतो की, जेथे जेथे ते मुलांच्या अंगणाबाहेर गेले तेथे तेथे ते बंदूकवाल्याने, पैजवाल्याने, मोहीमवाल्याने आणि दुकानवाल्याने ठेवले. सावजाने, शिपायाने, पखालजीने वा कर्जात बुडालेल्याने एकदाही नाही. यापुढे कोणी 'सगळा गेमच आहे' असे म्हणेल तर त्याला दोनच प्रश्न विचारावेत : यात जे आहेत ते सर्व आपल्या खुशीने आले होते काय, आणि 'मला खेळायचे नाही' असे म्हणून उठून जाण्याची मुभा त्यांतील सर्वांना आहे काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर खुशाल खेळ म्हणावे आणि मनमुराद खेळावे. एकही नकारार्थी असेल, तर त्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी : शिकारीला शिकार, जुगाराला जुगार, फसवणुकीला फसवणूक, खुनाला खून. ही नावे आपल्या भाषेत आहेत, ती पुरेशी स्पष्ट आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाबरोबर कोणाला तरी जाब द्यावा लागतो. 'गेम' या शब्दाबरोबर तो द्यावा लागत नाही, म्हणूनच तो इतका लोकप्रिय आहे, आणि म्हणूनच तो अशा ठिकाणी सभ्य माणसाच्या तोंडी शोभत नाही.